टाकीत उतरण्यापूर्वी

रंगद्रव्ये तयार करणाऱ्या कोकणातील एका कारखान्यात पाळीप्रमुख म्हणून माझ्या नोकरीचा उत्तरार्ध गेला. सोडियम सल्फाइडचे सांडपाणी आणि आम्लाचे सांडपाणी निरनिराळ्या नळांनी न्यावे असा तेथे दंडक होता. परंतु एका पावसाळ्याच्या तोंडावर दुरुस्तीच्या गडबडीत दोन्ही पाणी एकाच भूमिगत टाकीत सोडले गेले, आणि त्यांच्या संयोगातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड, हवेहून जड असल्यामुळे, तळाशी साचून राहिला. सकाळी सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी होती. दुपारी झाकणाशी वाकून मुकादम म्हणाला, ‘‘वास गेला, उतरा.’’ गाळ काढण्यास उतरलेला ठेकेदाराचा मजूर शिडीवरूनच कोसळला. त्याला घेरी आली असे समजून त्याचा चुलतभाऊ, आम्ही पोहोचण्यापूर्वीच, खाली धावला. दोघेही निष्प्राण वर आले.

नाकाची साक्ष येथे ग्राह्य धरू नये. हा वायू अत्यल्प असतानाही वास येतो. परंतु हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे 100 भाग झाले की घ्राणेंद्रियच बधिर होते, आणि आठ तासांच्या पाळीसाठी कायद्याने घातलेली मर्यादा तर अवघी 10 भागांची. सबब वायुमापक दोरीने सोडून वर, मध्ये व तळाशी मोजणी घ्यावी, पंख्याने ताजी हवा सतत आत खेळवावी, आणि गाळ ढवळल्यावर त्यात कोंडलेला वायू नव्याने सुटतो म्हणून काम चालू असतानाही मोजत राहावे. तोंडाला बांधलेला रुमाल निरुपयोगी. प्राणवायूच कमी असेल तेथे गाळणीचा मुखवटाही तितकाच.

1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 36 व्या कलमात, सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन लेखी दाखला द्यावा, अथवा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावून कमरपट्ट्याच्या दोराचे मोकळे टोक बाहेरील माणसाच्या हाती द्यावे, अशी तजवीज होती. आमच्या दफ्तरात ते कलम होते. टाकीपाशी दोर नव्हता. त्या चुलतभावाच्या हाती दोर असता तर त्याच्या मायेला खाली उडी घेण्यावाचून दुसरा मार्ग सापडला असता, हे शल्य मला आजही सोडीत नाही.

म्हणून पाळीप्रमुखांना माझी विनंती आहे की, ठेकेदाराच्या माणसांना टाकीत उतरण्याच्या परवान्याचा मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. दोर धरणाऱ्याला दुसरे काम सांगू नका, चहा आणायलासुद्धा पाठवू नका. आणि काहीही झाले तरी आपण ओरडायचे, ओढायचे, पण उतरायचे नाही, हे त्याच्याकडून उतरणाऱ्याच्या देखत वदवून घ्या.