धाडहून लोणार: पाण्याच्या मागावर एका दिवसाची भटकंती

बुलढाणा तालुक्यातील धाड हे जालना जिल्ह्याच्या सीमेलगतचे गाव असून, तेथून सकाळी निघून रात्रीपर्यंत परतता येईल अशा प्राचीन स्थळांत अजिंठा आणि लोणार ही दोन नावे प्रथम घ्यावी लागतात. यांपैकी अजिंठा अंतराने जवळ आहे. परंतु तेथील लेण्यांना क्रमांक आहेत, वाट ठरलेली आहे आणि हाती एखादे चांगले पुस्तक असले तर जाणकार पर्यटकास वाटाड्याशिवायही बरेच पाहता येते. लोणारची गोष्ट तशी नाही. तेथील अवशेष विवराच्या तळाशी, त्याच्या उतारावर आणि गावाच्या वस्तीत विखुरलेले असून काही झाडीत दडलेले आहेत, काही पडझडीमुळे ओळखू न येणारे आहेत, आणि कोणते मंदिर कशासाठी त्याच जागी उभारले गेले हे नुसत्या पाहण्याने उमगत नाही. म्हणून मार्गदर्शकासह करावयाच्या एकदिवसीय सहलीसाठी लोणार अधिक योग्य ठरते. या सहलीची आखणी मंदिरांच्या यादीवरून न करता पाण्याच्या मागाने करावी, कारण लोणार येथे गोडे पाणी जेथे आहे तेथेच बहुतेक महत्त्वाचे बांधकाम आढळते.

हा संबंध केवळ लोणारपुरता नाही. मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीत. तेथील चुनखडक पावसाचे पाणी पोटात घेतो आणि जेथे खडकाचे छत कोसळते तेथे ‘सेनोटे’ या नावाने ओळखली जाणारी नैसर्गिक विहीर उघडी पडते. माया लोकांची नगरे अशा विहिरींच्या आधाराने वाढली, चिचेन इत्झा येथील एका सेनोटेत तर देवतेला वाहिलेल्या मौल्यवान वस्तू आणि मानवी अस्थीही सापडल्या. म्हणूनच तेथील अवशेष दाखवणाऱ्या एकदिवसीय सहलींत एखाद्या सेनोटेचा थांबा बहुधा ठरलेला असतो. याच द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्याखाली चिक्सुलुब नावाचे, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या आघाताने झालेले आणि सुमारे 180 किलोमीटर व्यासाचे विवर गाडले गेलेले असून त्याच्या कडेला अनुसरून सेनोटेंची एक कमानच पसरलेली आहे. लोणारचे विवर त्यामानाने अगदी लहान आणि वयाने पुष्कळच तरुण आहे. मात्र ते ज्या काळ्या पाषाणात, म्हणजे दख्खनच्या लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्टमध्ये, खोदले गेले तो पाषाण चिक्सुलुबच्या आघाताच्याच सुमाराचा आहे.

धाडहून चिखली आणि मेहकर या मार्गाने लोणार सुमारे शंभर किलोमीटर पडते आणि रस्त्याची अवस्था व थांबे धरून अडीच ते तीन तास लागतात, असे मानून पहाटे निघावे. पाण्याचा माग घराजवळूनच लागतो, हे येथे सांगण्यासारखे आहे. पैनगंगा नदीचा उगम अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा तालुक्यातीलच मढ या गावाजवळ होतो आणि पुढे मेहकर शहर तिच्याच काठी वसलेले आहे. मेहकरला शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातील भव्य मूर्ती असून ती 1888 साली जमिनीत सापडली. दर्शनासाठी तेथे थांबायचे झाल्यास ते परतीच्या वाटेवर ठेवावे, कारण सकाळची थंड वेळ विवर उतरण्यासाठी राखणे अधिक महत्त्वाचे आहे. पैनगंगा वाहत जाऊन अखेरीस वर्धा नदीस मिळते, तर लोणार सरोवरात आलेले पाणी वाहून कोठेच जात नाही, आणि या एका फरकातून लोणारचे जवळजवळ सर्व वैशिष्ट्य निर्माण झाले आहे.

लोणारचे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून सुमारे दीडशे मीटरपर्यंत खोल आहे. युरोपीय अभ्यासकांच्या नजरेस ते 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यामुळे आले. त्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख असावे असेच मानले जाई. 1970 च्या दशकात येथील खडकांत प्रचंड आघाताच्या दाबाखालीच तयार होणारे मास्केलिनाइट हे काचसदृश द्रव्य आढळल्यावर उल्कापाताचे मत पक्के झाले. त्याचे वय मात्र वापरलेल्या पद्धतीनुसार बदलते: एका पद्धतीने ते सुमारे 50 हजार, तर दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे येते. मार्गदर्शक यांपैकी एकच आकडा ठासून सांगत असेल तर तो आकडा कोणत्या पद्धतीने काढला आहे हे त्याला विचारावे. जो या प्रश्नावर थांबून विचार करतो तो पुढेही विश्वासार्ह ठरण्याचा संभव असतो.

मार्गदर्शकाची निवड हा या सहलीतील सर्वांत निर्णायक भाग होय, आणि तीच बहुतेकदा घाईने उरकली जाते. विवराच्या काठावर वा गावात भेटणाऱ्या स्थानिक वाटाड्यांपैकी ज्याला जंगलातील पायवाटा ठाऊक आहेत असा माणूस घ्यावा आणि निघण्यापूर्वीच त्याच्याशी मोबदला, एकूण वेळ, कोणती स्थळे दाखवणार आणि तळापर्यंत उतरणार की काठावरूनच दाखवणार, या चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात. लोणार परिसर 2000 सालापासून अभयारण्य असल्याने वनविभागाच्या प्रवेशवेळा आणि शुल्क त्याच दिवशी चौकीवर विचारावे. चांगल्या वाटाड्याकडे तीन प्रकारचे ज्ञान असते: खडकाचे, शिल्पाचे आणि कथेचे. लवणासुर नावाचा दैत्य येथील भूमीखाली राहत असे आणि विष्णूने आपल्या पायाने त्याच्या बिळावरचे झाकण उडवून त्याचा वध केला, ही कथा तो सांगणारच, आणि ती ऐकावीही, कारण ती माहीत नसेल तर दैत्यसूदन मंदिराच्या छतावरील कोरीवकाम मुके राहते. अडचण कथेमुळे होत नाही. कथा, अनुमान आणि सिद्ध झालेली गोष्ट एकाच सुरात सांगितल्याने होते. होकायंत्राची सुई फिरवणारे दगड, मंगळावरचे पाणी, परग्रहवासी अशा वळणावर बोलणे गेले की मंदिराच्या पायाकडे बोट दाखवून त्याला बांधणीविषयी विचारावे.

पाहण्यास प्रारंभ गोमुखापासून करावा. विवराच्या काठाजवळ, उताराच्या वरच्या भागात गोड्या पाण्याची अखंड वाहणारी धार आहे आणि तिच्याभोवती कुंड, ओवऱ्या व मंदिरे यांचा समूह उभा आहे. भाविक या स्थानास ‘धार’ असेच म्हणतात. तिचे पाणी काशीहून येते अशी श्रद्धा आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने पाहता, लाव्हाच्या एकावर एक थरांमधून भूजल आडवे सरकत असते आणि विवराने ते थर मध्येच कापल्यामुळे आतल्या उतारावर ते झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. असे झरे आणि पावसाचे पाणी मिळून खाली सरोवर बनते. पण त्यास बाहेर पडण्याची वाट नसल्याने पाणी केवळ बाष्प होऊन जाते आणि क्षार मागे उरतात. परिणामी सरोवराचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप, 10 च्या आसपास राहतो, तर समुद्राच्या पाण्याचा सामू 8 च्या थोडा वर असतो. हे क्षार एके काळी उत्पन्नाचे साधन होते: काच आणि साबण यांसाठी लागणारे पदार्थ येथे मिळतात अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त असून, पुढे दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशा नावांनी त्यांचे प्रकार ओळखले जात. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झाले तेही क्षारतेमुळेच. पाणी आटून खारटपणा वाढला आणि हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांनी आपला रंग पाण्यास दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या सरोवरास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळाले.

गोमुखाकडून खाली उतरणारी वाट पायऱ्यांची आणि पुढे सुट्या दगडगोट्यांची आहे. तिच्यासाठी पकड असलेले बूट आवश्यक होत. चपलांवर उतरणाऱ्यांची फजिती नेहमीच दिसते. वाटेतील कुमारेश्वर मंदिराशी महानुभाव पंथाची स्मृती निगडित आहे, कारण चक्रधरस्वामींचे लोणार येथील वास्तव्य लीळाचरित्रात नोंदलेले आहे. तळाशी रामगया, वाघ महादेव, मोर महादेव, अंबरखाना अशी मंदिरे वा त्यांचे अवशेष असून बहुतेकांना ‘हेमाडपंती’ म्हटले जाते. चुन्याविना, केवळ घडीव दगड एकमेकांत बसवून केलेली बांधणी असा त्या शब्दाचा रूढ अर्थ असून यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावरून तो पडला. तथापि तशी पुष्कळ मंदिरे हेमाद्रीच्या आधीची आहेत. सरोवराच्या काठी कमळजा देवीचे मंदिर आहे आणि त्याजवळ ‘सासू-सुनेची विहीर’ दाखवली जाते, जिच्या एका बाजूचे पाणी गोडे तर दुसऱ्या बाजूचे खारे सांगितले जाते. अलीकडच्या काळात सरोवराची पातळी वाढून पाणी या मंदिरापर्यंत पोहोचल्याने, तेथवर जाता येईल की नाही हे उतरण्यापूर्वीच विचारावे. काठावरचा चिखल वरून कोरडा दिसला तरी आत पाय रुततो, तेव्हा छायाचित्रासाठीही पायवाट सोडू नये. तळावर पिण्याच्या पाण्याची सोय गृहीत न धरता माणशी किमान दोन लिटर पाणी बरोबर न्यावे आणि चढणीचे ऊन टाळण्यासाठी अकरा-साडेअकरापर्यंत वर यावे.

दुपार दैत्यसूदन मंदिरास द्यावी. वस्तीच्या मध्यभागी असलेले आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील हे विष्णुमंदिर तारकाकृती विधानाचे आहे, म्हणजे त्याच्या भिंती सरळ न जाता कोनाकोनाने पुढे-मागे होत ताऱ्यासारखा तळ बनवतात. त्यामुळे प्रत्येक कोनावर छायाप्रकाश वेगळा पडतो आणि बाह्यभिंतीवरील मूर्ती पाहण्यास तिरपे ऊन सोयीचे असते. आत शिरण्यापूर्वी एक पूर्ण प्रदक्षिणा घालावी, मग मंडप, त्यापुढचे अंतराळ म्हणजे मंडप आणि गाभारा यांमधील अरुंद भाग, आणि शेवटी गाभारा अशा क्रमाने जावे. छतावरील कथाशिल्पांसाठी विजेरी न्यावी. मूळ मूर्ती आता नाही, विद्यमान मूर्ती नागपूरकर भोसल्यांच्या काळातील मानली जाते.

मेच्या मध्यास काही दिवस सकाळी उशिरा सूर्यकिरण या मूर्तीवर पडतात, आणि ते पाहण्यासाठी येणाऱ्यांनी वरील क्रम उलटा करून आधी मंदिर गाठावे आणि विवरात उतरण्याचा बेत त्या दिवशी सोडून द्यावा, इतका विदर्भाचा उन्हाळा कडक असतो. लोणार सुमारे 20 अक्षांशावर असल्याने तेथे मेच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि किरणांचे हे दिवस त्याच सुमारास येतात. चिचेन इत्झाचा अक्षांश याच्याशी अवघ्या पाऊण अंशाने भिन्न आहे. तेथे विषुवदिनाच्या संध्याकाळी मोठ्या पिरॅमिडच्या जिन्याच्या कठड्यावर नागाच्या देहासारखी सावली उतरते आणि ती पाहण्यासाठी हजारोंची गर्दी लोटते. दैत्यसूदनाची गर्दी त्यापुढे काहीच नाही, ही पाहणाऱ्याची सोयच समजावी.

वेळ उरल्यास गावातील लिंबी बारव, म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येणारी दगडी विहीर, पाहावी आणि मोठ्या मारुतीचे दर्शन घ्यावे. सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांचा वाडा याच दिवसात जोडण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने दोन्ही स्थळांचे नुकसान होते, त्यासाठी वेगळा दिवस काढावा. सहलीस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात विवर हिरवेगार दिसत असले तरी उतार निसरडे होतात आणि काठावरूनच पाहणे शहाणपणाचे ठरते. प्लॅस्टिक आणि उरलेले अन्न परत घेऊन यावे, कारण बाहेर जाण्याची वाट नसलेल्या या खोऱ्यात टाकलेली वस्तू आतच राहते, आणि वस्तीच्या सांडपाण्याचा ताण सरोवरावर आधीच आहे. वाहन बरोबर नसल्यास मेहकर आणि चिखलीहून पुढच्या एसटीच्या परतीच्या वेळा सकाळी उतरतानाच विचारून ठेवाव्यात. धाडच्या बाजूस जाणाऱ्या शेवटच्या गाडीनुसार लोणार सोडण्याची वेळ ठरवणे उत्तम.