आधी काय कापायचं?

मेंदूचं दुखणं म्हणजे विसरणं, असंच बहुतेक घरांत धरून चालतात. माझ्या दुखण्यात विसरणं फारसं नव्हतंच. तरुणपणापासून कोल्हापुरात ब्लाऊज शिवतेय. जुन्या गिऱ्हाइकांची छाती, मुंढा, बाहीची मापं आजही वही न उघडता सांगेन. बिघडलं ते वेगळंच. कापड पसरून खडू हातात घेतला, की आधी अस्तर कापायचं की बाही, तेच सुचेना. मशीन चालू असताना कुणी उधारीचं विचारलं, की दोन्ही कामं अडायची. लेक म्हणाली, "आई, हल्ली उत्तर द्यायला तू फार वेळ घेतेस." बाकी सगळे म्हणाले, वय झालं. दवाखान्यातही तेच ऐकलं, वर शक्तीच्या गोळ्या मिळाल्या.

लेकीनं हट्टानं न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, आकडे आणि अक्षरं आळीपाळीनं जोडायला लावली. पाच शब्द सांगून काही वेळानं विचारले. दोन आठवेनात, पण "एक रंग होता" एवढं सुचवताच तो लगेच तोंडी आला. शब्द आत होता, शोधायला वेळ लागत होता. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागात पांढरे ठिपके दिसले. वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीनं बारीक रक्तवाहिन्या जाड, ताठर झाल्या होत्या. त्या बीपीनं कधी डोकंही दुखवलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू लागतो २० टक्क्यांच्या आसपास. खोल भागाला रक्त नेणाऱ्या नळ्या लांब आणि बारीक. कालव्याच्या टेलवरच्या शेतासारखी त्या भागाची गत: वरून पाणी कमी सुटलं की पहिली झळ त्याला. मेंदूचे भाग एकमेकांशी जोडणारे तंतू तिथूनच जातात. म्हणून आठवणी शाबूत राहूनही कामाचा वेग आणि क्रम ढासळतो.

गेलेला भाग परत आणणारं औषध नाही. पण पुढची हानी रोखण्यासारखं बरंच आहे, आणि त्यासाठी लवकर जायला हवं. बुद्धीची अशी सौम्य घट झालेल्या प्रत्येकाला पुढे स्मृतिभ्रंश होतोच असं नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या नऊ हजारांहून जास्त लोकांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ज्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली ठेवण्याचं धोरण होतं, त्यांच्यात ही घट कमी दिसली. मात्र हा आकडा वाचून स्वतःच गोळी वाढवू नका. त्या चाचणीत मधुमेही नव्हते. शिवाय ताठरलेल्या नळ्यांना बीपी फार उतरलं तरी रक्त कमी पडतं. उठल्यावर अंधारी येत असेल तर बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या नि डॉक्टरांना दाखवा. साखर, कोलेस्टेरॉल, हृदयाचे अनियमित ठोकेही तपासायला हवेत. बी १२ आणि थायरॉइड राहू देऊ नका. तिथली कमतरता भरून निघते. झोपेत घोरता घोरता श्वास अडकत असेल, मन सतत उदास असेल, तर तेही सांगा. विडी, तंबाखू, मशेरी बंद. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. मेंदूच्या नळीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

घरच्यांना एक विनंती. आमच्या हातातलं काम काढून घेऊ नका. लेकीनं कटिंगच्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून मशीनसमोर लावल्यात. उधारीची बोलणी आता संध्याकाळी, मशीन बंद असताना. ऑर्डरी कमी घेते, पण कटोरी ब्लाऊज अजून माझ्याकडेच येतात. आणि आम्हाला प्रश्न विचारलात की उत्तर येईपर्यंत थांबा. दुसरा प्रश्न मध्येच घालू नका.