कंपवातातले भास, विसर आणि घरची माणसं

संध्याकाळी सोप्यावर बसलेले आजोबा सुनेला सांगतात, "त्या दोन पोरांना आत बोलाव, काळोख पडला." सोप्यावर दुसरं कुणीच नसतं. गोव्यातल्या बेताळाच्या आमोण्यात काय किंवा डिचोली-पेडण्याच्या कुठल्याही गावात काय, अशा वेळी घरच्यांच्या मनात बाहेरच्या बाधेची शंका डोकावते. श्रद्धेनं कौल घ्यायला हरकत नाही. पण आजोबांना काही वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन असेल, तर डॉक्टरांनाही लगेच गाठायला हवं. लहान मुलं, मांजर, शेजारून कुणी गेल्यासारखं वाटणं, असे भास या आजारात बऱ्याचदा आढळतात. ते खरे नाहीत हे पुष्कळ रुग्णांना कळतही असतं. वेडा म्हणतील म्हणून ते गप्प राहतात. घरच्यांनीच आपुलकीनं विचारावं.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरनं 1817 मध्ये अवघ्या सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं आणि बुद्धी शाबूत राहते असं लिहून ठेवलं. ती समजूत फार काळ टिकली. पुढे 1912 मध्ये फ्रेडरिक लेव्ही यांना रुग्णांच्या मेंदूच्या पेशींत प्रथिनांच्या गाठी दिसल्या. या गाठी हालचालींच्या केंद्रापुरत्या न राहता विचार करणाऱ्या भागात पसरल्या, की स्मृतिभ्रंश सुरू होऊ शकतो. सिडनीतल्या एका दीर्घ पाहणीत निदानानंतर वीस वर्षांनी हयात असलेल्यांपैकी 83 टक्के रुग्णांना तो झालेला होता. नुकतंच निदान झालेल्यांनी मात्र या आकड्याची धास्ती घेऊ नये. अलीकडच्या पाहण्यांत प्रमाण कमी दिसतं, आणि आजार कोणत्या वयात सुरू झाला यावर बरंच अवलंबून असतं.

पेडण्यातून धावणाऱ्या कोकण रेल्वेसाठी झटलेले जॉर्ज फर्नांडिस सभा गाजवणारे वक्ते. 2019 मध्ये त्यांचं निधन झालं, त्याआधी कित्येक वर्षं अल्झायमर आणि पार्किन्सननं त्यांना सार्वजनिक जीवनापासून दूर नेलं होतं. हुशारीचा किंवा शिस्तीचा हा प्रश्न नाही, एवढं तरी घराघरांत पोचायला हवं.

कारण घरात ऐकू येतात ते शब्द वेगळेच असतात: "आळशी झालेत", "मुद्दाम करतात". घरची पूजा पन्नास वर्षं करणारा माणूस फुलं हातात घेऊन थांबतो, पुढे काय ते सुचत नाही. बायकोनं "आता गंध लावा" म्हटलं, की पुढचं सगळं नीट होतं. इथे आठवण पुसलेली नसते, तिच्यापर्यंत पोचणं आणि कामांचा क्रम लावणं जड जातं. अल्झायमरमध्ये अशी आठवण करून देण्याचा सहसा तितका उपयोग होत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट सांगावी, उत्तराची वाट पाहावी, त्यांचं वाक्य आपणच पूर्ण करू नये.

औषधांच्या पिशवीकडे तर आधी पाहावं. थरथर कमी करणारी ट्रायहेक्सिफेनिडिल म्हाताऱ्या माणसाची स्मृती बिघडवते. सर्दीच्या आणि लघवीच्या काही गोळ्याही तेच करतात. मळमळीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिननं कंपवात वाढतो. मात्र कंपवातावरचं मुख्य औषध लेव्होडोपा घरच्या घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. कोणती गोळी कमी करायची हे डॉक्टरांनीच ठरवावं. बी-12, थायरॉईड, रक्तातलं सोडियम, मोतीबिंदू, ऐकू कमी येणं, नैराश्य आणि उभं राहिल्यावर घसरणारा रक्तदाबही तपासून घ्यावा. यातलं बरंच काही सुधारता येतं.

कंपवातातल्या स्मृतिभ्रंशासाठी रिव्हास्टिग्मिन या औषधाची 541 रुग्णांवरची चाचणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. फायदा मर्यादित पण खरा होता. काहींना उलट्या झाल्या, थरथर वाढली. चमत्काराची आशा धरू नये, पण औषध नाकारूही नये.

आणि सांभाळणारी व्यक्ती? बहुतेक वेळा ती बायको, सून किंवा लेक असते आणि तिची झोप कुणी मोजत नाही. गोव्यातच डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या 81 कुटुंबांवर अभ्यास केला. तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या निम्म्या कुटुंबांच्या घरी जात, आजार समजावून सांगत, वागणुकीच्या अडचणींवर वाट सुचवत. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण त्यामुळे कमी झाला. गावागावांत असं काम उभं राहायला हवं. तोवर निदान भावंडांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात.

एक फरक पक्का लक्षात ठेवावा. हा स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत चढतो. काल बरा असलेला माणूस आज बरळतोय, झोपेत बुडतोय किंवा अंगावर धावून येतोय, तर लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, तीव्र बद्धकोष्ठता, पडल्यावर डोक्यात झालेला रक्तस्राव यांपैकी काही असू शकतं. त्याच दिवशी 108 रुग्णवाहिका बोलवावी किंवा बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यावं. तिथे शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं जाण्याची शक्यता असते आणि कंपवाताच्या रुग्णाला ते फार घातक ठरतं. म्हणून आजाराचं नाव, सगळ्या गोळ्या आणि त्यांच्या वेळा लिहिलेला कागद सोबत ठेवावा आणि पोचताक्षणी ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या हातात द्यावा.