खो-खोची मानकरी

खो-खो हा महाराष्ट्राच्या मातीत वाढलेला खेळ. त्यास महागडी साधने लागत नाहीत. मोकळे मैदान, दोन खांब आणि आखलेल्या रेषा एवढ्यावर तो उभा राहतो. मात्र खेळाडूच्या अंगी चपळाई, दमसास आणि प्रसंगावधान हे तिन्ही गुण असावे लागतात. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी एका ओळीत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, नववा धावतो. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, की एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. पळणाऱ्यास मात्र अशी कोणतीच आडकाठी नसते. म्हणून गडी टिपावयाचा तर योग्य क्षणी बसलेल्या सोबत्यास पाठीमागून ‘खो’ द्यावा लागतो. एकट्याच्या बळावर हा खेळ जिंकता येत नाही.

या खेळात भारताचे नेतृत्व करण्याचा मान धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे यांना मिळाला. त्यांच्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. शारीरिक अडचणींमुळे वडिलांना फारशी कमाई करता येत नसे. आई शिवणकाम करी. संसाराचा भार मुख्यतः आजीआजोबांच्या मिळकतीवर असे. वयाच्या तेराव्या वर्षी काकांनी त्यांना खो-खोच्या मैदानावर नेले. पुढे सुमारे दहा वर्षे अनेकदा एका वेळच्या जेवणावर भागवून त्या खेळत राहिल्या. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी त्यांच्यातील गुण हेरले व त्यांना घडविले.

२०१६ साली दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत खो-खोचा प्रथमच समावेश झाला. त्या स्पर्धांत सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक पटकाविले. परंतु पदकाने घरची चूल पेटत नाही. त्याच वर्षी आर्थिक ओढगस्तीने खचून त्यांनी खेळ सोडण्याचा निश्चय केला आणि स्वतःस खोलीत कोंडून घेतले. आजीने ही गोष्ट प्रशिक्षकांच्या कानी घातली. त्यांनी समजूत घातली, धीर दिला, आणि सारिका पुन्हा मैदानावर उतरल्या. ती समजूत वेळीच घातली गेली नसती, तर एका गुणी खेळाडूस देश मुकला असता.

पुढे त्या तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. २०२० साली भारत सरकारने त्यांना अर्जुन पुरस्कार देऊन गौरविले. तब्बल बावीस वर्षांनी हा पुरस्कार खो-खोच्या वाट्यास आला होता. २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. तीत भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळचा ७८ विरुद्ध ४० गुणांनी पराभव करून अजिंक्यपद मिळविले.

काकांनी मैदानाची वाट दाखविली, आजीने वेळीच हाक दिली, प्रशिक्षकांनी सावरले. परंतु धावण्याचे कष्ट सारिकांनी स्वतःच उपसले. योग्य क्षणी मिळालेला आधार आणि त्याचे चीज करणारे परिश्रम, या दोहोंच्या मिलाफातूनच त्यांचे यश साकारले.