इंटरनेट सेवाबदल आणि ई-मेलचा पत्ता : कोलकात्याच्या संदर्भात

भारताच्या दूरसंचार इतिहासात कोलकात्याला विशेष स्थान आहे. ३१ जुलै १९९५ रोजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातील मोबाइल सेवेचा प्रारंभ केला. त्यानंतर पंधरवड्यातच, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमाने कोलकात्यासह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. मोबाइल क्रमांक आणि ई-मेलचा पत्ता या नागरिकाच्या दोन नव्या ओळखी जवळजवळ एकाच वेळी जन्माला आल्या. त्यांचे पुढील भवितव्य मात्र भिन्न ठरले.

मोबाइल कंपनी बदलूनही क्रमांक कायम ठेवण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. इंटरनेट सेवापुरवठादाराने दिलेल्या ई-मेल पत्त्याला तशी सोय मिळाली नाही. विदेश संचार निगमाच्या प्रारंभीच्या पत्त्यांत निगमाचे नाव आणि शहराची खूण, दोन्ही गुंफलेली असत. १९९८ मध्ये खासगी सेवापुरवठादारांना प्रवेश मिळाला, २००२ मध्ये निगमाचे नियंत्रण टाटा समूहाकडे गेले आणि २००८ मध्ये निगमाचे नावही बदलले. अनेक ग्राहकांच्या पत्त्यांत जुने नाव तसेच राहिले.

अडचण कोठे येते?

सेवा बदलल्यानंतर प्रथम आढळणारा दोष असा की, पत्रे येतात, पण जात नाहीत. येणारी आणि जाणारी पत्रे वेगवेगळ्या यंत्रणा हाताळतात, हे त्याचे कारण. अनाहूत पत्रांना आळा घालण्यासाठी जुन्या पुरवठादाराची पाठवणी यंत्रणा बहुधा केवळ स्वतःच्या जाळ्यातून आलेली पत्रे स्वीकारते. नव्या जोडणीवरून आलेले पत्र ती नाकारते. अशा वेळी ई-मेल प्रणालीत जाणाऱ्या पत्रांसाठीचा सर्व्हर तपासावा, २५ ऐवजी ५८७ क्रमांकाचे पोर्ट निवडावे आणि वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड देऊन ओळख पटविण्याचा पर्याय सुरू करावा. जुनी यंत्रणा तरीही नकार देत असल्यास पत्ता ज्या संस्थेचा आहे तिने सुचविलेला सर्व्हर वापरावा.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जुने खाते बंद होताच येणारी पत्रे पाठविणाऱ्याकडे परत जातात आणि ज्याच्यासाठी ती होती त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. बानतळ्याच्या चर्मसंकुलातील लहान निर्यातदार किंवा कॉलेज स्ट्रीटवरील प्रकाशक यांच्या दृष्टीने असे परत गेलेले पत्र म्हणजे हातची मागणी जाणे होय. बँक, आयकर व वस्तू आणि सेवा कर यांच्या सूचनाही नोंदविलेल्या पत्त्यावरच येतात. पासवर्ड विसरल्यास तो बदलण्याचा दुवाही तेथेच जातो.

बदलाचा योग्य क्रम

म्हणून जुनी सेवा बंद करण्यापूर्वी नवा पत्ता सुरू करावा. दोन्ही काही महिने सोबत चालवावेत. जुनी पत्रे व संपर्कसूची स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. सोय असल्यास जुन्या पत्त्यावरील पत्रे नव्याकडे वळवावीत. प्रथम बँक व कर खात्यांतील, नंतर ग्राहक व पुरवठादारांकडील नोंदी बदलाव्यात. जुने खाते सर्वांत शेवटी बंद करावे.

व्यावसायिकासाठी कायमचा उपाय म्हणजे स्वतःच्या नावाचे डोमेन. २००५ पासून '.इन' डोमेनची नोंदणी सर्वांसाठी खुली आहे. असा पत्ता असल्यास इंटरनेट जोडणी कोणाचीही असली तरी तो कायम राहतो. टपाल सांभाळणारी संस्था बदलल्यास केवळ डोमेनच्या नोंदी बदलाव्या लागतात. नूतनीकरण मात्र चुकवून चालत नाही.

स्पर्धा आणि धोरण

अर्थशास्त्रात यास सेवाबदलाचा खर्च म्हणतात. पॉल क्लेम्परर यांनी १९८७ मध्ये त्याचे पद्धतशीर विश्लेषण केले. हा खर्च जितका मोठा, तितका ग्राहक असमाधानी असूनही जुन्या विक्रेत्याशी जखडलेला राहतो आणि स्पर्धेचा लाभ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कोलकात्यात अनेक वस्त्यांत इंटरनेट स्थानिक केबलचालकांमार्फत येते. घर बदलले की पुरवठादारही बदलण्याची वेळ येऊ शकते. पुरवठादाराशी बांधलेला पत्ता तेथे विशेष महाग पडतो.

फ्रान्सच्या कायद्याने करार संपल्यानंतरही सहा महिने जुनी ई-मेल पेटी विनामूल्य पाहण्याची मुभा दिली आहे. भारतात २०१९ च्या वैयक्तिक विदा संरक्षण विधेयकात विदा दुसरीकडे नेण्याच्या हक्काची तरतूद होती. २०२३ च्या कायद्यात ती राहिली नाही. मोबाइल क्रमांकाबाबत देशाने स्वीकारलेले तत्त्व ई-मेलला जसेच्या तसे लावता येणार नाही, कारण पत्त्यातच पुरवठादाराचे नाव असते. परंतु ठराविक संक्रमणकाळ आणि पत्रे वळविण्याची सोय बंधनकारक करणे शक्य आहे. सेवा निवडण्याचे स्वातंत्र्य तेव्हाच अर्थपूर्ण ठरते, जेव्हा सेवा सोडताना नागरिकाला आपली ओळख मागे ठेवावी लागत नाही.