चाकरमान्यांसाठी सजवलेलं खळं

गणपतीच्या आधी आमच्याकडे घराला रंग लागतो, मंडपी उतरवून घासली जाते, पितळी समया चिंचेने उजळल्या जातात. अलीकडे त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे, ते म्हणजे खळं सजवणं. मुंबई-ठाण्याहून चाकरमानी येणार, आरतीला वाडीतली माणसं जमणार, फोटो निघणार. म्हणून संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत घरोघरी टायरचे हंस, बाटल्या उलट्या पुरून केलेले वाफे, रंगवलेले चिरे आणि करवंट्यांच्या टांगत्या कुंड्या दिसू लागल्या आहेत. बहुतेक सगळं घरच्या मुलांच्या हातचं. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या फुलांपेक्षा मला ही कारागिरी कितीतरी जास्त आवडते आणि ती टिकावी असं वाटतं, म्हणूनच तिच्यातले धोके सांगायला बसले आहे.

आमच्या घरी हे वेड माझ्या पुतण्याने आणलं. चंदीगडच्या रॉक गार्डनची छायाचित्रं पाहून तो भारावला होता. नेकचंद सैनी या सरकारी नोकरीतल्या माणसाने १९५७ च्या सुमारास कुणालाही न सांगता टाकाऊ वस्तूंतून ती बाग उभारायला घेतली आणि १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. फुटक्या बांगड्या, कपबशांचे तुकडे, जुने दगड यांतून माणसं आणि प्राणी उभे राहिले. पुतण्याला त्यातली जिद्द दिसली, आणि ती दिसावीच. पण तिथला प्रत्येक तुकडा सिमेंटमध्ये पक्का बसवलेला आहे, सुटं काही नाही. आमच्याकडे होतं ते सगळं सुटं, उघडं आणि भाद्रपदातल्या पावसात.

त्याने गाडीचे जुने टायर कापून, उलटे करून दोन हंस केले, पांढरा रंग दिला, विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर जोडीने बसवले आणि त्यांच्या पोटात थोडी माती घालून तेरडा लावला. येणारा प्रत्येकजण तिथे थांबून फोटो काढत होता. माझी भाची तर सकाळ-संध्याकाळ हंसाच्या पाठीवरच बसलेली असायची.

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, माणसं परतली. त्यानंतर आठवड्याच्या आतच डोंबिवलीहून वन्संचा फोन आला. भाचीला सणकून ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून आलेलं. रक्ततपासणीत डेंग्यू निघाला. दोन दिवसांनी आमच्या गावचे आरोग्यसेवक घरी आले आणि त्यांनी हंसाच्या पोटात विजेरी मारली. माती एका बाजूला सरकली होती, दुसऱ्या बाजूला टायरच्या कुशीत स्वच्छ पाणी साचलेलं, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. मुलीला चावलेला डास आमच्याच टायरमधला होता असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, डोंबिवलीतही डास आहेतच. पण त्या अळ्या पाहिल्यावर हा वाद घालण्यात मला अर्थ वाटला नाही.

टायर इतका वाईट का, हे नीट समजून घ्यायला हवं. त्याची कड आतल्या बाजूला वळलेली असते. कसाही ठेवा, कुठल्यातरी वळणात पाणी राहतंच, आणि कलंडलं तरी पूर्ण सांडत नाही. रबर काळं, आत सावली, म्हणून ते पाणी सुकतही नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस इजिप्ती डासाला हेच हवं असतं. त्याच्या काळ्या अंगावर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो, सकाळी आणि तिन्हीसांजेच्या आधी जास्त. गटाराच्या घाणीत तो वाढत नाही, त्याला भांड्यात साठलेलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. त्यामुळे ‘आमचं खळं लख्ख आहे, आमच्याकडे डास कुठून येणार’ हे म्हणणं इथे कामाचं नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीवर. पाणी ओतून टाकलं तरी अंडी चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत असतात. पुन्हा पाणी लागलं की अळ्या बाहेर येतात. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणतं, त्यामागे हेच गणित आहे. त्या दिवशी भांडी नुसती उपडी करू नका, आतून खसखसून घासा.

टायर वापरायचाच असेल तर तळाशी, वळणाच्या सगळ्यांत खोल भागात, बोट जाईल एवढी चार-पाच भोकं पाडा आणि पोट काठोकाठ मातीने भरा. करवंट्यांनाही तेच. पोफळीच्या विऱ्या शोभेला टांगत असाल तर त्या पालथ्या टांगा. कमळासाठी दगडी डोण ठेवली असेल तर तिच्यात गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात विचारलंत तर बहुधा मिळतात. ते अळ्या खातात आणि मुलांनाही बघायला आवडतात.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वन्संच्या फोननंतर आम्ही गणपतीला आलेल्या प्रत्येक घरी फोन केला. हा फोन करणं जड जातं. आपल्या घरी पाहुणचार घेऊन गेलेल्या माणसांना ‘आमच्याकडे डेंग्यूच्या डासाच्या अळ्या सापडल्या’ असं सांगायचं, म्हणजे घराण्याचं नाव जातं की काय असं घरातल्या मोठ्यांना वाटतं. आमच्याकडेही त्यावरून बोलणं झालं. पण त्या फोनमुळेच कळलं की एका चुलत दिरांनाही ताप होता आणि अंगदुखी थांबावी म्हणून ते दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी घेत होते. डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि डॉक्टर, एवढंच. ते त्याच दिवशी दवाखान्यात गेले. भाचीही बरी झाली.

डास चावल्यापासून ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात, म्हणजे पाहुणा तोवर आपल्या घरी पोचलेला असतो आणि त्याच्या डॉक्टरला गावचं काहीच ठाऊक नसतं. ते आपणच कळवायला हवं. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका हेही सांगायला हवं. ताप उतरतो त्या सुमाराला पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार गळून जाणं यांतलं काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठायचं.

मग आम्ही सगळं खळंच नव्याने पाहिलं. घरची मुलं कुठे पाय ठेवायचा, कशाला हात लावायचा नाही, हे वर्षभरात आपोआप शिकतात. पाहुण्याला ते ठाऊक नसतं. शिवाय तो येतो रात्री, उशिरा आलेल्या गाडीतून उतरून, अंधारात, हातात पिशव्या घेऊन. म्हणून मी आता सजावट बघते ती रात्री, विजेरी घेऊन, फाटकापासून ओटीपर्यंत चालत.

त्या फेरीत पहिली खटकली ती दगडांची रास. वाटेच्या कडेला चिरे, फुटकी कौलं आणि नदीतले गोटे रचून पुतण्याने छोटा डोंगर केला होता. दिसायला देखणा, पण आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात दगडाखालची पोकळी म्हणजे फुरशाची आणि विंचवाची हक्काची जागा. फुरसं वीतभर-हातभर लांब, मातीच्या रंगाचं, पानांत दिसत नाही, आणि चावतं ते पावलाला नाहीतर घोट्याला. कोकणातला लाल विंचू तर एकेकाळी मुलांचे जीव घेत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने असे रुग्ण वाचवून दाखवले, त्यानंतर ते मृत्यू खूप कमी झाले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. औषध आहे म्हणून विंचवाला वाटेवर घर बांधून द्यावं असं मात्र नाही. दगडांची शोभा हवी तर ती वाटेपासून लांब, गडग्याच्या बाजूला करा, आणि दगड सिमेंटने सांधून घ्या, फटी ठेवू नका. राशीतला दगड उचलायचा तर उघड्या हाताने नको, आधी काठीने ढकला.

चिऱ्यांना ऑइलपेंट देणं आम्ही पूर्ण बंद केलं. जांभा खरखरीत असतो म्हणून पावसात पाय टिकतो. रंगाने ती खरखर बुजते, वर शेवाळ धरतं, आणि सत्तरीतल्या आत्या त्यावरूनच घसरून मनगट मोडून घेऊन बसल्या. वाट हिराच्या खराट्याने घासलेली, बिनरंगाचीच बरी. मांगरात पडलेले जुने रंगाचे डबेही मुलांच्या हाती देऊ नका. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या डब्यात किती असेल याचा भरवसा नाही.

बाटल्यांबद्दल एकच. आरतीला सगळे अनवाणी असतात. बाटली जमिनीत पुरू नका.

गुंजांच्या लाल-काळ्या माळा सुंदर दिसतात, पण गुंजेत ॲब्रिन नावाचं जहाल विष असतं. अख्खी गुंज गिळली तर कठीण सालीमुळे बहुतेकदा तशीच पडून जाते, मात्र माळेसाठी भोक पाडलं किंवा दातांनी चावली की ते विष मोकळं होतं. पिवळ्या बिट्टीची बीही तशीच घातक, ती हृदयावर परिणाम करते. दोन्ही मुलांच्या हाताशी नकोत.

झाडांवरच्या दिव्यांच्या माळा पावसात लावायच्या तर सांधे छपराखाली ठेवा आणि घराच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वायरमनला सांगितलं की कळतं.

आता पाहुणे आले की सामान आत गेल्यावर पुतण्या त्यांच्या मुलांना सगळं खळं फिरवून दाखवतो. हे मी केलं, इथे बसा, इथे हात घालू नका, रात्री चप्पल आणि विजेरीशिवाय उतरू नका. स्वतः केलेलं दाखवताना त्याला आनंद होतो, आणि मुलंही मोठ्यांपेक्षा त्याचंच जास्त ऐकतात.

गणपतीच्या आधी मी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात विचारून घेते की सर्पदंशावरचं औषध आणि डॉक्टर सुट्टीतही असतील ना. दंश झाला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळायचं नाही, हात-पाय हलू न देता न्यायचं. भारतात मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप शोधत वेळ घालवायचा नाही. हे सगळं, रुग्णालयाचा नंबर, १०८ आणि वाडीतल्या गाडीवाल्याचा नंबर एका कागदावर लिहून तो आरतीच्या पुस्तकांच्या फळीवर चिकटवते, कारण गणपतीत घरातल्या आणि बाहेरच्या प्रत्येकाचा हात तिथे दिवसातून दोनदा जातो.