45 ग्रॅम कोळसा आणि सहा किलो चिकन

सबमिशन संपलेलं असतं, पी.एल. लागायला दोन दिवस असतात आणि मेसच्या दुधीला सगळे विटलेले असतात. मे महिन्यातल्या अशा एखाद्या संध्याकाळी कुणीतरी हळूच पुडी सोडतं, "मागच्या अंगणात बार्बेक्यू करायचा का?"

2023 साली मी फर्स्ट इयरला असताना आमच्याकडे हेच झालं. प्लॅनिंग वगैरे काही नाही. कोळसा पेटेना म्हणून एका हुशार माणसाने बाइकमधलं पेट्रोल ओतलं. भडका उडाला, त्याच्या भुवया गेल्या. ज्वाळा दिसल्याबरोबर आम्ही चिकन टाकलं. बाहेरून काळं, आतून गुलाबी! भूक इतकी लागली होती की तसंच खाल्लं. तिसऱ्या दिवशी माझा रूममेट सलाइन लावून पडला होता. त्याची ओरल बुडाली आणि तो विषय पुढच्या सेमिस्टरला त्याच्या मानगुटीवर बसला. चिकन भाजणारा मीच होतो, हे त्याने आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. त्यामुळे जास्तच लागतं.

2025 मध्ये पुन्हा टूम निघाली तेव्हा मी म्हटलं, या वेळी हिशेबाने करू. रेक्टर सर म्हणाले, "आधी कागदावर प्लॅन दाखवा, मग परवानगी." तो कागद असा होता.

हिशेब

एकूण 28 जण, त्यात 9 शाकाहारी. उरलेल्या 19 जणांना हाडासकट माणशी 300 ग्रॅम धरलं, म्हणजे जवळजवळ 6 किलो चिकन. शाकाहारी मंडळींसाठी पनीर, बटाटे, कांदे, सिमला मिरची आणि सगळ्यांसाठी मक्याची कणसं. शेगड्या दोन, चिमटे वेगळे, भाजणारे वेगळे. यात तडजोड नाही.

आता कोळसा किती? 6 किलो चिकन 10 अंशांवरून 75 अंशांवर न्यायचं. स्पेसिफिक हीट साधारण 3.5 किलोज्यूल धरली तर लागणारी उष्णता सुमारे 1,365 किलोज्यूल. एक किलो लाकडी कोळशात साधारण 30,000 किलोज्यूल असतात. म्हणजे थिअरीप्रमाणे 45 ग्रॅम कोळसा पुरे! प्रत्यक्षात चिकनच्या शेगडीला 6 किलो लागला. एफिशियन्सी एक टक्कासुद्धा नाही. बाकीची उष्णता शेगडी तापवण्यात आणि आकाशात गेली. तेव्हा कोळसा घेताना थिअरीवर विसंबू नका.

विस्तव

पेट्रोल, थिनर, डिझेल काहीही ओतायचं नाही. तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्याला खालून भोकं पाडा, तळाशी कागद आणि वर कोळसा भरा, खालून काडी लावा. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते, चिमणीसारखीच. अर्ध्या तासात सगळा कोळसा पेटतो. निखाऱ्यांवर राखेचा करडा थर आला की समजायचं, आता भाजायला घ्या. ज्वाळेवर करपतं, निखाऱ्यावर भाजतं.

जाळी आम्ही बांधकामावरून उचलून आणली होती. वर्कशॉपच्या सरांनी एका नजरेत ओळखलं, "अरे, ही जी.आय.ची आहे. जस्ताचा धूर खाणार का?" जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या धुराने वेल्डरला ताप भरतो, हे आम्ही परीक्षेत लिहिलं होतं. अंगणात आठवलं नाही! मग स्टेनलेस स्टीलची जाळी आणली. शिवाय वाळलेलं गवत काढलं आणि वाळूच्या दोन बादल्या, पाण्याच्या दोन बादल्या हाताशी ठेवल्या.

चिकन

दही, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ, लिंबू लावून चिकन रात्रभर मेसच्या फ्रिजमध्ये. संध्याकाळी ते बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या डब्यातून बाहेर आणलं. पारा 32 अंशांच्या वर असेल तर कच्चं किंवा शिजलेलं मांस तासाभरापेक्षा जास्त वेळ उघड्यावर ठेवू नये. आपल्याकडे मेमध्ये किती असतो, ते सांगायला नको.

मांस उष्णतेचं वाहक म्हणून जवळपास पाण्याइतकंच, म्हणजे कमकुवत. बाहेर कितीही आग लावा, आत उष्णता आपल्याच चालीने जाते. तुकड्याची जाडी दुप्पट झाली तर वेळ साधारण चौपट लागतो. म्हणून तुकडे सारखे करा आणि लेगपीसला खोल चिरा द्या. निखारे शेगडीच्या एकाच बाजूला लावा. आधी त्यांच्यावर रंग आणायचा, मग रिकाम्या बाजूला सरकवून वर झाकण ठेवायचं.

झालं की नाही, हे रंगावरून ठरवू नका. आम्ही वर्गणी काढून टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर घेतला. लॅबमधला पाऱ्याचा अजिबात नको, फुटला तर पंचाईत. सर्वांत जाड भागात, हाडाला न लागता 74 अंश दिसले की पास. आणि कच्चं चिकन ज्या ताटात होतं, त्यात भाजलेलं काढायचं नाही. 2023 मध्ये आमच्याकडे ताट एकच होतं.

सिलॅबसबाहेरचा प्रश्न

सगळं कागदाप्रमाणे चाललं होतं. सव्वासातला वारा सुटला आणि वळीव कोसळला. शेगडीवर दीड-दोन किलो चिकन अर्धवट! पोरं ओरडली, "शेगडी उचला, कॉमन रूममध्ये घ्या!" दोघांनी उचललीसुद्धा. रेक्टर सर पायरीवर आडवे उभे राहिले. बंद जागेत निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही आणि झोपेतच माणूस जातो. माझ्या कागदावर आग, वाळू, बर्फ सगळं होतं. पाऊस नव्हता.

शेगडी बाहेरच राहिली, वर पत्रा टाकला. पण अर्धवट चिकनचं काय? "ठेवू झाकून, पाऊस थांबला की भाजू," असं कुणीतरी म्हणालं. हीच खरी चूक ठरली असती, कारण कोमट मांसात जंतू झपाट्याने वाढतात. अर्धं भाजलेलं लगेच पूर्ण शिजवायलाच हवं. मेसच्या मामांनी न बोलता मोठी कढई चढवली, कांदा-खोबऱ्याचं वाटण टाकलं आणि उरलेल्या चिकनचा रस्सा झाला. निखाऱ्याचा वास लागलेला तो रस्सा आणि गरम भाकऱ्या! बार्बेक्यूपेक्षा तोच जास्त खपला.

पहिलं ताट मी रूममेटला दिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, थर्मामीटर मागितला, पीसमध्ये खुपसला, आकडा वाचला आणि मगच खायला बसला.

तर मंडळी, यंदा अंगणात शेगडी लावणार असाल तर थर्मामीटर आमच्या रूममध्ये आहे, घेऊन जा. फक्त कागदावर पाऊसही लिहा.